अनुभव धागा: नाशिकच्या छोट्या मैफली

कालिदास कलामंदिरातले मोठे कार्यक्रम आणि सुला फेस्ट या संगीत महोत्सवाची गर्दी यांवर भरपूर लिहून येतं. इथे लिहायचंय ते पन्नास-साठ माणसांच्या जागांबद्दल: मंदिराचा सभामंडप, सोसायटीचा हॉल, कॅफेचा कोपरा, कुणाच्या घरची बैठक. तिथे कोण भेटलं, काय जुळलं, काय मोडलं? कलाकाराची स्तुती जरा आवरती घ्या.

तबलावादक, सातपूर
दिवसा एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी साथीला. मोठ्या सभागृहात डोळ्यांवर लाइट, समोर काळोख. टाळ्या तर तिहाईला (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) पडतातच, ती जमलेली असो की ओढूनताणून आणलेली. बैठकीत पहिला श्रोता हातभर अंतरावर असतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जरा घसरली तर त्याच्या भुवईवर कळतं. आमच्याकडच्या एका घरगुती बैठकीला निवृत्त पोस्टमन येतात. ते ‘वा’ म्हणत नाहीत, फक्त मांडीवरचा हात थांबवतात. तो हात थांबला की त्या रात्री झोप नीट लागते. या बैठकीतच मला दोन गायक मिळाले, गाडीचा मेकॅनिक मिळाला, आणि आई आजारी असताना रक्त द्यायला धावून आलेलेही तिथलेच.

पंचवटीकर
आमचं भजनी मंडळ. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात नाशकात राहिले, पंचवटीत त्यांचा रामनामाचा आश्रम होता. भागाला गाण्याचं वळण जुनंच. पण खरं सांगू? सासूबाईंच्या पिढीला ‘कुठे चाललीस?’ या प्रश्नावर घरात चालणारं एकच उत्तर होतं: भजनाला. सुनांची गाऱ्हाणी, भिशी, स्थळं, सगळं टाळ पिशवीत गेल्यावर. आता आम्ही सुना जातो. गाऱ्हाणी सासवांची.

कॉलेज रोड
आमचा ओपन माइक, कुणीही उठून गावं असा. आपलं गाणं चालू असेपर्यंत दूध फेसाळायचं मशीन न लावणारा मालक मिळणं हे भाग्य. स्वतः लिहिलेली मराठी गाणी पहिल्यांदा अनोळखी लोकांसमोर इथेच म्हटली. घरचे कौतुकच करतात, त्याचा उपयोग नसतो.

साउंडवाला
सगळे भावनेवर लिहितायत, मी हिशेब मांडतो. साठ खुर्च्या, दोनशेचं तिकीट, हॉल फुल झाला तरी १२ हजार. त्यात हॉलचं भाडं, साउंड, दोन साथीदार आणि चहा. गायकाच्या हाती शाल-श्रीफळ. वर रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. लोक नुसते गप्पा मारत बसले तरी त्याहून जास्त होतो. आणि नाशिककराला पास लागतो! फुकटच्या सवयीने छोट्या जागा बंद पडतात.

पंचवटीकर
साउंडवाले दादा, पिंपळपारावरची दिवाळीतली पाडवा पहाट, गाण्याचीच मैफल, फुकटच असते. तिथे बसून कान तयार झालेली पोरंच उद्या तुमचं तिकीट काढतील.

साउंडवाला
ताई, पाडवा वर्षातून एकदा. माझ्या स्पीकरचा हप्ता दर महिन्याला.

तबलावादक, सातपूर
आम्ही दाराशी डबा ठेवतो. ज्याला जमेल त्याने टाकावं, कुणी बघत नाही. पोस्टमनकाका न चुकता शंभराची नोट टाकतात. साथीदारांचं पेट्रोल निघतं, हॉलचं भाडं मात्र निघणार नाही, हे खरं.