जंगलात पडलेली युद्धकाळातली विमानं हौशी लोकांनी शोधावीत का?

रानवाट:
दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या चबुआ, दिंजान वगैरे धावपट्ट्यांवरून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणारी जी हवाई वाट होती, तिला वैमानिक 'हम्प' म्हणायचे. 1942 ते 45 मध्ये त्या वाटेवर जवळपास 600 विमानं पडली, त्यातली कितीतरी अरुणाचलच्या जंगलात अजून तशीच आहेत. क्लेटन कुल्स नावाचा अमेरिकन माणूस, ना लष्करातला ना सरकारी, मुख्यतः स्वतःच्या पैशाने तिथे जाऊन ती शोधत आला आणि 20 च्या वर ठिकाणं त्याने गाठली. 'हॉट ॲज हेल' हे बी-24 विमान 25 जानेवारी 1944 ला कुनमिंगहून चबुआला येताना बेपत्ता झालं, आत आठ जण होते. 2006-07 च्या हिवाळ्यात अरुणाचलमधल्या दामरो गावाजवळ ते कुल्सलाच सापडलं. साठ वर्षं कुठल्याच सरकारला जमलं नव्हतं हे. माझं स्पष्ट मत आहे की अशा माणसांना अडवू नये, उलट मदत करावी.

तळटीप:
मला अजिबात पटत नाही. ते विमान म्हणजे कबर आहे हो. तिथे कोण कुठे पडलाय, हाड कुठे, बिल्ला कुठे, हे जसंच्या तसं राहिलं तरच नंतर ओळख पटते. हिमाचलमधल्या ढाका ग्लेशियरचं बघा, 1968 मध्ये 102 जणांना घेऊन चंडीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-12 तिथे पडलं होतं. 2024 मध्ये लष्कराच्या मोहिमेत चार मृतदेह मिळाले आणि तेव्हा ओळख पटवायला जवळ सापडलेली कागदपत्रं उपयोगी पडली. तीच कागदपत्रं एखाद्या ट्रेकरने आठवण म्हणून खिशात घातली असती तर? 56 वर्षं वाट बघणाऱ्या घराला काय सांगायचं मग? हेतू चांगला असला म्हणून हात लावायचा हक्क मिळत नाही.

रानवाट:
ताई, हात लावू नये हे शंभर टक्के मान्य. पण त्याच ढाका ग्लेशियरवर 2003 मध्ये अवशेष पहिल्यांदा गिर्यारोहकांनाच दिसले ना? आणि 2018 मध्ये परत जे मिळालं तेही तिथे कचरा गोळा करायला गेलेल्या गिर्यारोहकांना. ते गेलेच नसते तर लष्कराने शोधायचं तरी कुठे. शोधणं वेगळं आणि उचलणं वेगळं, शोधणाऱ्याने फोटो काढावेत, जीपीएस नोंद घ्यावी, पत्र्यावरचा नंबर वाचता आला तर लिहून घ्यावा आणि मागे फिरावं.

सीमेवरचा:
हे लिहायला सोपं आहे. अरुणाचलचा तो भाग चीनच्या सीमेलगतचा, परदेशी माणसाला तिथे वेगळा परमिट लागतो, आपल्यालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, लागतोच. कोणीही जीपीएस घेऊन फिरला तर सरकार काळजी करणारच, आणि त्यात चूक काही नाही. शिवाय जुन्या विमानात न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

रानवाट:
परमिट लागावाच, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण उशीर किती व्हावा? 'हॉट ॲज हेल'चा पत्ता लागल्यावर 2008 मध्ये अमेरिकन टीम येऊन गेली, काम अर्धं राहिलं, मग परवानग्यांमध्ये वर्षं गेली आणि अवशेष दिल्लीहून परत गेले एप्रिल 2016 मध्ये. त्यातून त्या विमानातल्या रॉबर्ट ऑक्सफर्डची ओळख पटली आणि जून 2017 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्याचा दफनविधी झाला. एवढ्या वर्षांत किती आई-वडील, भाऊ-बहिणी वाट बघत गेले असतील. चिडचिड होते हो हे वाचून.

ईशान्येत नोकरी:
सगळे शोधणाऱ्याचं कौतुक नाहीतर त्याच्यावर टीका करताय, पण जंगलात त्याला नेलं कोणी? तिथल्या आदी आणि मिश्मी जमातींच्या शिकाऱ्यांना यातली बरीच विमानं आधीपासून माहीत होती, शिकारीच्या वाटेवरच ती पडलेली. ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून गावात त्या पत्र्याची भांडी झाली. त्याला कोणी चोरी म्हणू नये, ज्या गावात रस्ता नव्हता तिथे धातू म्हणजे मोठी गोष्ट. उतारावर जळवा, पावसाळ्यात दरड, वाट कोयत्याने काढायची, आणि पाठीवर ओझं त्यांच्याच. रिपोर्टमध्ये मात्र 'स्थानिक वाटाडे' एवढंच येतं. अरुणाचलमध्ये पासीघाटला 2023 मध्ये हम्पचं म्युझियम झालं ते चांगलंच झालं, पण पुढची शोधमोहीम गावच्या लोकांना विचारून, पैसे ठरवून आणि नावं छापून व्हावी.

तळटीप:
हे पटलं. गावातलेच तरुण ट्रेन करा, त्यांना नोंदी कशा घ्यायच्या ते शिकवा, मग बाहेरच्या हौशी माणसाची गरजच काय?

रानवाट:
गरज पैशाची आणि कागदपत्रांची आहे. कुठलं विमान कधी निघालं, आत कोण होतं, हे रेकॉर्ड अमेरिकेत, ते खणून काढणारा वेडा माणूस लागतोच. आणि आपल्या लोकांचं काय? म्यानमारमध्ये ताउच्यानच्या स्मारकावर ज्यांची कबरच नाही अशा जवळपास 27,000 जणांची नावं आहेत, त्यात आपल्याकडचे जवान ढिगाने. 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला आपली मराठा पलटण लढली तेही असंच जंगल. त्यांच्यासाठी कोणी निघालं तर मी तरी त्याला आधी परमिट मिळवून देईन, हौशी आहेस म्हणून हाकलणार नाही.

सीमेवरचा:
मिळवून द्या, पण सोबत लष्कराचा एक माणूस आणि गावचा एक माणूस असल्याशिवाय नको. यावर मी हटणार नाही.