मदत हवी आहे: पोनी गाडीला छान चालते, पण उभी राहत नाही

नमस्कार. घोड्यांची सवय असलेल्या मंडळींकडून सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कोणी नीट सांगू शकणार नाही.

माझ्याकडे साडेचार वर्षांची पोनी घोडी आहे, नाव चिमणी. खांद्याच्या उंचवट्यापाशी 44 इंच, म्हणजे 11 हँड (घोड्याची उंची मोजायचं माप, एक हँड चार इंचांचा). मोठ्या माणसाने पाठीवर बसावं एवढा तिचा जीव नाही, म्हणून हलक्या दोनचाकी गाडीसाठी तिला तयार करते आहे. घाई केलेली नाही. कित्येक महिने नुसतं हातात दोर धरून फिरवलं, मग दोन लांब लगाम घेऊन मागून चालत हाकलं. 'चल', 'हळू', 'थांब' एवढे शब्द तिला पक्के कळतात. साज आधी झापडांशिवाय घातला, मग झापडांसकट. टायर आधी दुसऱ्याने तिच्या बाजूने ओढत नेला, म्हणजे नुसता आवाज कानावर पडावा. पुढे तोच तिच्या मागे बांधला. मग दोन्ही कुशींना गाडीच्या दांड्यांसारखे दोन बांबू, वळताना मांडीला टेकतील असे. या सगळ्यात ती एकदाच बुजली, टायर पत्र्यावरून घासत गेला तेव्हा.

गाडीला जुंपायला लागून सहा आठवडे झाले. चालते सुरेख, दुडक्या चालीतही हातात लगाम हलका राहतो. अडतं ते उभं राहण्यापाशी. तोंडाशी कोणी असेल तर ठीक, पण मी पायरीवर पाय ठेवला की निघालीच. वाटेत थांबवलं तर तीन-चार सेकंद थांबते, मग खूर आपटते, मान झटकते, एक पाऊल टाकते, पाठोपाठ दुसरं. लगाम ओढून धरला की मागे सरकते, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. मागे जाताना दांड्या तिरक्या झाल्या तर गाडी कलंडेल, आणि एकदा गाडी अंगावर आलेलं घोडं पुन्हा विश्वास ठेवायला फार वेळ घेतं.

खरारा करताना हीच चिमणी एक पाय सैल सोडून डुलक्या घेते. त्यामुळे 'जातच चंचल' हे उत्तर मला पटत नाही. डॉक्टरांनी दात तपासले, तोंडात जखम नाही. खाणं मुख्यतः गवत, दाणा अगदी थोडा. गाजर देऊन पाहिलं, तर आता उभी राहण्याऐवजी माझे खिसे हुंगते. भिंतीकडे तोंड करून थांबवलं तर थांबते, पण तिथे तिला भिंत अडवते, त्यात ती काही शिकत नाही.

एकाने सुचवलं, गाडीसकट खुंट्याला बांध, दमली की गप्प राहील. मन धजत नाही. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, खुंट्याला बांधायचं मनातूनही काढून टाका. जुंपलेलं जनावर बांधलं आणि बिचकून मागे खेचलं, तर दोर, साज आणि दांड्या यांत ते अडकतं. तसंच गाडी मागे असताना लगाम आणि झापडं कधीही उतरवू नका, क्षणभरही. घोड्याला बाजूने आणि मागे बरंच दिसतं. झापडं निघाली की इतके दिवस न दिसलेली गाडी एकदम पाठीशी दिसते आणि ते उधळतं.

आता मूळ प्रश्न. गाडीत बसल्यावर तुम्ही किती वेळाने 'चल' म्हणता? माझा अंदाज, लगेच. पायरीवर पाय, गाडीचा झोका, लगाम उचलणं आणि मग शब्द, हा क्रम तिने पाठ केला आहे. झापडांमुळे तुम्ही दिसत नाही, पण झोका दांड्यांतून अंगाला कळतो. तिच्या दृष्टीने ती हुकूमच पाळते, फक्त पहिल्या खुणेवर. म्हणून क्रम तोडा. तोंडाशी माणूस ठेवून चढा, उतरा, चढा, उतरा, असं आठ-दहा वेळा, आणि त्या दिवशी निघूच नका. वाटेतलं थांबणं गाडीशिवाय, लांब लगामांवर घोटवा. दोन सेकंद, मग सात, मग तीन, अशी वेळ बदलत ठेवा, आणि ती हलायच्या आधी 'चल' म्हणा. हललीच तर न रागावता त्याच जागी आणून उभी करा.

थांबली की त्याच क्षणी लगाम सैल करा, सोडून देऊ नका. स्थिर राहूनही तोंडावरची ओढ जात नसेल, तर ती सुटका मागे शोधते. तुम्ही ज्याला घाबरता ते मागे सरकणं इथूनच येतं.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटतं, पण त्याआधी साज पाहा. तुम्ही मागून चढत असाल तर दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटपट्टा तिला खालून दाबतो. तुम्ही बसल्यावर दांड्यांचा भार पाठीवर नावापुरता असावा, बोटाने उचलता येईल इतका. छातीपट्टा फार वर असला तर श्वासनलिका दाबतो, फार खाली असला तर खांद्याच्या हाडावर येतो. आणि मांड्यांमागचा पट्टा ढिला असेल, तर जरा उतार लागला की गाडी पुढे येऊन आपटते. अशा वेळी एक पाऊल पुढे टाकणं हे तिचं शहाणपण आहे.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मैत्रिणीला बाजूला उभं करून चढले, तर पोटपट्टा खरंच वर ओढला जात होता. बैठक थोडी सरकवली, मागचा पट्टा एक भोक आवळला. आणि हो, बसल्या बसल्या 'चल' म्हणायची सवय माझीच होती. इतके दिवस मी तिला निघायलाच शिकवत होते, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

बारा दिवस झाले. चढ-उतार करताना आता कान फक्त मागे वळतात, पाय हलत नाहीत. बसल्यावर मी तीसपर्यंत मोजते, मगच निघतो. लगाम सैल केल्यापासून एकदाही मागे सरकलेली नाही.

आता एकच अडलंय. तोंडाशी उभी असलेली मैत्रीण बाजूला झाली की चिमणी तिच्यामागे जाऊ पाहते. मैत्रिणीने आधी हात सोडून तिथेच उभं राहावं आणि रोज एकेक पाऊल दूर जावं, की मीच लगाम हातात घेऊन तिच्या तोंडाशी उभं राहण्यापासून सुरुवात करावी? कोणी असं केलं असेल तर सांगा.