प्रति: जीटीला बारा वेटचा रॉड, तोही एकदम कडक?

वर कुणीतरी लिहिलंय की अंदमानला जायंट ट्रेव्हली (जीटी) या दांडग्या समुद्री माशासाठी फ्लाय फिशिंगला, म्हणजे हलकं खोटं आमिष लाइनच्या (दोरीच्या) वजनावर फेकून मासेमारी करायला जायचं तर बारा वेटचाच रॉड घ्या (वेटचा आकडा मोठा तेवढी लाइन जड) आणि मिळेल तेवढा कडक बघा. बारा वेट शंभर टक्के मान्य, आठचा नेऊन हसं करून घेऊ नका. पण कडकपणा मुठीकडच्या भागात हवा, टोकाला नको. लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन आठ वेटला साधारण १३.६ ग्रॅम असतं आणि बारा वेटला २४.६ ग्रॅम, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि एवढं वजन टोक न वाकता फेकायचं तर दमछाक होते; मी नाशिकच्या गंगापूर धरणावर दुपारच्या वाऱ्यात एका मित्राच्या काठीसारख्या कडक रॉडने लाइन फेकून बघितली तर अर्ध्या तासात खांदा गेला, आणि लाइन तरी कुठे धड जात होती.

घ्यायच्या आधी एक करा, गच्चीवर बादलीत दोन लिटर पाणी घ्या, लाइन कडीला बांधा आणि रॉडने हळूहळू उचलून बघा. रॉड उभा धरला की फक्त टोक वाकतं आणि बादली ढिम्म, रॉड खाली आडवा आणला की मुठीवरचा जाड भाग कामाला लागतो आणि बादली हलते. मासा बोटीखाली गेल्यावर लोक रॉड उभा करतात आणि तो मोडतो ते याचमुळे, मीही एक रॉड असा मोडलाय, आवाज अजून कानात आहे. आणि हो, चार तुकड्यांचाच घ्या, विमानात सोपं पडतं.