स्मृतिभ्रंश झालेल्या आजीसाठी मॅरेथॉन: आवाहनात काय लिहावे?

प्रश्न: आजीच्या नावाने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन धावून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निधी जमवण्याचा मानस आहे. मात्र तिची संमती आता कशी घ्यावी?

उत्तर १: स्मृतिभ्रंशात संमती देण्याची क्षमता सरसकट नाहीशी होत नाही, ती विषयागणिक आणि वेळेनुसारही बदलते; म्हणून आजी प्रसन्न असताना, आवाहनात वापरायचे छायाचित्र तिच्या हाती देऊन सोप्या शब्दांत विचारा. तिने ते दूर सारले, तर तो नकारच समजावा.

उत्तर २: निदान लिहायचे असेल तर नेमके लिहा, कारण अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असले तरी एकमेव नव्हे. तिच्या विसराळूपणाचे किस्से मात्र वगळा. देणगीसाठी कोणाची अब्रू खर्ची घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३: अंतिम रेषेजवळ ध्वनिक्षेपकांचा गोंगाट असतो, तेव्हा आजीला मार्गावरील एखाद्या शांत वळणावर, ओळखीच्या माणसासोबत थोडाच वेळ बसवावे.