दोन्ही बाजूंनी वापरायची पिशवी शिवतेय, तोंडाशी झोळ येतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जळगावची. घरी पायमशीन आहे, शिवण जेमतेम येतं. बाजाराला न्यायला उलट-सुलट दोन्हीकडून वापरता येईल अशी पिशवी शिवायला घेतलीय. एक बाजू कोरा मांजरपाट, दुसरी आईच्या जुन्या सुती लुगड्याची. दोन्ही तुकडे 15 बाय 16 इंच, शिवणीसाठी कडेला सोडलेली माया अर्धा इंच, तळाचे कोपरे 2 इंचांचे. लुगड्याच्या बाजूच्या तळाला 4 इंच फट ठेवून तिथूनच पिशवी सुलट केली.

इथवर ठीक. पण आतला थर तोंडाशी फुगतो. शेजारच्या ताई म्हणतात, अस्तर पाव इंच कमी काप. एरवी पटलं असतं, पण इथे आजचं अस्तर उद्या बाहेर येणार! मग लहान कोणतं कापू? की तोंडाला कडेने टिप मारली की झोळ बसेल?

दुसरं म्हणजे पिशवी धरायचे बंद. दोन थरांच्या मध्ये बंद घालून शिवताना कापड इतकं जाड होतं की 14 नंबरच्या दोन सुया मोडल्या. 16 ची लावू का? बंद पक्के हवेत, हिवाळ्यात भरताची वांगी चार-चार किलो येतात आमच्याकडे.

आणि हो, मांजरपाट न धुताच कापला. लुगडं धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलंय, हा मात्र पहिल्याच धुण्यात आटेल ना? उसवून आधी भिजवू का? सासूबाई तर म्हणताहेत, "इतल्यात चार पिशव्या झाल्या असत्या."