मदत हवी आहे: मुलांच्या आकाशकंदिलासाठी खळ, डिंक की फेविकॉल?

नमस्कार मंडळी,

दिवाळीला तीन आठवडे उरलेत आणि सोसायटीतल्या पोरांना कंदील शिकवायचं काम यंदाही माझ्याच गळ्यात पडलंय. १४ मुलं आहेत. सगळ्यात धाकटं साडेचार वर्षांचं, थोरली पाचवीतली. मागच्या वर्षी कंदील झाले, फोटो झाले, कौतुकही झालं. वसुबारसेला सकाळी दार उघडून बघते तर निम्म्या झिरमिळ्या जिन्यात पडलेल्या. एका मुलीच्या कंदिलाच्या तर कागदी करंज्याच उघडून लोंबत होत्या. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेच जास्त लागलं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून डिंकाच्या छोट्या बाटल्या घेतल्या होत्या. पाण्यासारखा पातळ डिंक. पतंगाच्या कागदाला लागला की कागद आंघोळ केलेल्या बोटांसारखा सुरकुतायचा, वर जांभळा रंग हाताला आणि हातावरून फ्रॉकला. एका बाबांनी मदत म्हणून इन्स्टंट ग्लूची ट्यूब आणली, ती मी गोड बोलून पर्समध्ये टाकली आणि कार्यक्रम संपल्यावर परत दिली.

यंदाचं सामान असं: बांबूच्या कामट्यांचे सांगाडे (मोठे लोक बांधून देणार), पतंगाचे ताव, घोटीव कागद, थोडा जिलेटिन पेपर, कार्डशीटच्या पट्ट्या आणि सोनेरी लेस. आम्ही डोंबिवलीत राहतो, ऑक्टोबरात हवा अजून दमट असते. लहान मुलांच्या हातात देता येईल, कपड्यावरून निघेल आणि भाऊबीजेपर्यंत टिकेल असं नक्की काय वापरावं? घरी खळ करावी असं सासूबाई म्हणतात, पण त्यांनी प्रमाण "अंदाजाने" एवढंच सांगितलंय.

– चिमणीचं घरटं

*

सासूबाई बरोबर आहेत. वडिलांचं पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे माझं बालपण खळीच्या वासात गेलं. प्रमाण घ्या: १ भाग मैदा, ५ भाग पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. ६०-६५ अंशांच्या आसपास स्टार्चचे कण फुगतात आणि मिश्रण एकदम दाटतं. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केलात तर पतंगाच्या कागदावर प्रत्येक गुठळी पुटकुळीसारखी दिसेल.

एक सांगून ठेवते. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. आमच्याकडे त्या निळसर पातेल्याला हात लावायची आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. चिमूटभर तुरटी पुरे. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबूस वास आला की सरळ फेकून द्या.

– पुठ्ठाबांधणी

*

खळीबद्दल आदर आहे, पण डोंबिवलीच्या दमट हवेत? मैदा म्हणजे झुरळं, मुंग्या आणि कसर यांना दिवाळीचा फराळच. आमच्याकडे खळीचा कंदील पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवला होता, काढला तेव्हा कडा कुरतडून नक्षी झाली होती. एका दिवाळीपुरता हवा असेल तर खळ चालेल. ठेवायचा असेल तर पांढरा ग्लू घ्या, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. फेविकॉल १९५९ पासून तेच आहे. फक्त सुताराचा डबा उचलून आणू नका. तो एसएच, जाड असतो. क्राफ्टसाठी चोच असलेल्या बाटलीत एमआर मिळतो, तो घ्या. ओला असताना दुधासारखा, सुकला की पारदर्शक.

आणि डिंक सोडूनच द्या. बाभळीचा डिंक पोस्टातल्या पाकिटांना ठीक होता. सुकला की काचेसारखा तडकतो, आणि दमट हवेत पुन्हा चिकट होतो. तुमच्या झिरमिळ्या रात्रीच पडल्या ना? मग त्याचाच प्रताप असणार. डिंकाची खरी जागा लाडवात.

– सुतळीबॉम्ब

*

इथे सगळे चिकटवण्याचा विचार करताहेत, सुरकुत्यांचं कोण बघणार? कागदाच्या तंतूंना पाणी लागलं की ते फुगतात, आणि लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. त्यामुळे कागद एकाच दिशेने जास्त पसरतो आणि लाटा येतात. पातळ डिंकात पाणीच जास्त, म्हणून तुमचा ताव सुरकुतला. उपाय असा की ग्लू कागदाला लावूच नका, कामटीला लावा. बोटाने कामटीवर पातळ पुसायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग कोरडा ताव वर ठेवून हलकं दाबायचं.

मी कॉलेजात बाल्साच्या लाकडाची विमानं करायचो. पंखांवर टिश्यू पेपर चिकटवून सुकला की वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचो, सुकताना तो आकसून डफासारखा ताणला जायचा. कंदिलाच्या तावावरही जमायला हवं, पण स्वस्त तावाचा रंग पाण्यात सुटतो. आधी एका तुकड्यावर थेंब टाकून बघा. रंग पसरला तर फवारा विसरा.

– वाऱ्यावरची वरात

*

मी वीस वर्षं बालवाडीत शिकवतेय, म्हणून जरा वेगळं सांगते. साडेचार वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली दिलीत की तो दाबणारच, आणि ग्लूचं तळं होणार. त्याच्या जागी मीही दाबली असती. बाटल्या तुमच्याकडे ठेवा. दोघादोघांत एक जुनं टोपण, त्यात चमचाभर ग्लू आणि कान साफ करायच्या काड्या. शेजारी ओलं फडकं.

आमच्या वर्गात मधलं बोट हे "चिकट बोट". ग्लू फक्त त्याच बोटाने लावायचा. अंगठा आणि पहिलं बोट कोरडं राहतं, त्यांनी कागद उचलायचा. पहिल्या दिवशी सगळे विसरतात, तिसऱ्या दिवशी तेच एकमेकांना ओरडून आठवण करून देतात. निम्मा पसारा एवढ्यानेच कमी होतो.

अगदी लहानांना ग्लू स्टिक द्या. ही कल्पना लिपस्टिकवरून सुचली, जर्मनीतल्या हेंकेल कंपनीने १९६९ मध्ये पहिली बाजारात आणली. पाणी कमी, म्हणून सुरकुत्या जवळजवळ नाहीत. पण कागदावर कागद, एवढंच तिचं काम. कामटीवर ती टिकत नाही. उघडी राहिली की वाळून खडू होते, तेव्हा टोपणं मोजून परत घ्या.

– अंगणवाडी ते पदवी

*

ताई, घोटीव कागदाची चकचकीत बाजू ग्लू धरत नाही. खरखरीत बाजूला लावा, शक्यतो पट्टी उलटून. जिलेटिनवर पाण्याचा कुठलाच ग्लू नीट बसत नाही, कारण पाणी शोषायला तिथे जागाच नाही. तिथे दुहेरी चिकटपट्टी. लेसलाही तीच.

त्या इन्स्टंट ग्लूबद्दल: परत दिलात ते फार बरं केलंत. तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो, चटका बसू शकतो. बोटं चिकटलीच तर ओढायची नाहीत, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवायची.

– तळ्यात मळ्यात

*

न्यू जर्सीहून: आमच्या मराठी शाळेत दरवर्षी कंदील करतो. इथे एल्मर्सचा स्कूल ग्लू वापरतो, बाटलीवर "धुता येतो" लिहिलेलं असतं आणि खरंच धुतला जातो. साध्या पांढऱ्या ग्लूचं तसं नाही, तो ओला असतानाच गार पाण्याने काढावा लागतो. सुकला तर कापड कोमट पाण्यात भिजवा, थोडं व्हिनेगर घाला, मऊ पडतो. सगळ्यात सोपं म्हणजे बाबांचे जुने शर्ट उलटे घालून बसवा, बटणं पाठीला.

– दूरचा दिवा

*

मंडळी, मनापासून आभार. शनिवारी सासूबाई आणि मी ओट्यावर प्रयोगशाळा मांडली. कामटीच्या सहा तुकड्यांवर एकाच तावाच्या पट्ट्या लावल्या: दोनांवर खळ, दोनांवर फेविकॉल एमआर, एकीवर ग्लू स्टिक, एकीवर मागच्या वर्षीचा उरलेला डिंक. रात्रभर बाल्कनीत टांगून ठेवल्या.

सकाळी डिंकाची पट्टी खालच्या तुळशीच्या कुंडीत होती. ग्लू स्टिकची एका टोकाने सुटली होती. बाकी चारही घट्ट. दोन खळींपैकी एक माझी, एक सासूबाईंची. त्यांची जास्त साफ बसली, कारण माझी गाळलेली नव्हती (पुठ्ठाबांधणी, पुटकुळ्या आल्या हो). एमआर कामटीला लावून अर्धा मिनिट थांबले तेव्हा सुरकुती जवळजवळ नाही. घाई केली तिथे आलीच. पाण्याच्या थेंबाने गुलाबी ताव पसरला, पिवळा नाही. त्यामुळे फवारा फक्त पिवळ्या कंदिलांवर, आणि तोही मीच मारणार.

तर ठरलंय असं: तावाला एमआर, टोपणात आणि काडीने. कार्डशीटच्या पट्ट्या छोट्यांकडे, ग्लू स्टिकने. जिलेटिन आणि लेसला दुहेरी पट्टी. झिरमिळ्या मात्र खळीने लावणार, कारण सासूबाईंनी पातेलं आधीच बाजूला काढून ठेवलंय आणि त्या स्वतः येऊन मुलांना दाखवणार आहेत. माळ्यावर ठेवायच्या आधी झिरमिळ्या कापून टाकू, म्हणजे कसरीचा प्रश्न नाही.

आदल्या दिवशीच चिकटवून घेतेय, रात्रभर सुकतील. आत एलईडीच लावायचा हे मुलांच्या आईबाबांना ग्रुपवर कळवलंय. जुना पिवळा बल्ब तापतो आणि ताव त्याला फार जवळ असतो.

एक शंका उरलीय. एका मुलाला गव्हाची ॲलर्जी आहे, मैद्याच्या खळीत हात घालायला नको असं त्याच्या आईने सांगितलंय. त्याच्यासाठी साबुदाण्याची किंवा कॉर्नफ्लॉवरची खळ कुणी केली आहे का? प्रमाण "अंदाजाने" सोडून काहीही चालेल.

– चिमणीचं घरटं

*

कॉर्नफ्लॉवरची केली आहे. १ चमचा, ७ चमचे पाणी, कृती तीच. एकदम दाटते, म्हणून गॅसजवळून हलू नका. पातेलं आणि ब्रश मात्र त्याचा वेगळा ठेवा.

– पुठ्ठाबांधणी