पोएट लॉरिएटला 'राजकवी' म्हणायचं का?

एडा लिमोन या अमेरिकन कवयित्रीवर छोटासा लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीय. २०२२ ते २०२५ ती अमेरिकेची पोएट लॉरिएट, म्हणजे देशातर्फे मानाने नेमलेली कवी होती. सवयीने 'अमेरिकेच्या राजकवी' लिहून गेले आणि मग माझं मलाच हसू आलं, तिथे राजा कुठेय? दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

—

राजकवी नकोच. आपल्याकडे राजकवी म्हटलं की ग्वाल्हेरचे तांबे नाहीतर बडोद्याचे यशवंत, म्हणजे संस्थान आलं, दरबार आला. हे पद लायब्ररीचं आहे हो! १९३७ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, कवितेसाठी सल्लागार नेमायचे, १९८५ च्या कायद्याने त्याच पदाला पोएट लॉरिएट हे भारदस्त नाव जोडलं. आणि नेमणूक राष्ट्राध्यक्ष करत नाहीत, तिथले ग्रंथपाल करतात, लिमोनची कार्ला हेडन यांनी केली. साहेबाच्या वाढदिवसाला कविता पाडून द्या असली भानगड नाही.

—

मग राष्ट्रकवी?

—

राष्ट्रकवी ही पदवी झाली. मैथिलीशरण गुप्त, दिनकर, त्यांना ती एकदा चिकटली ती कायमची. हे मुदतीचं काम आहे, लिमोनला आधी एक वर्ष मिळालं, मग आणखी दोन, आता तिच्या जागी आर्थर झी आलेत. 'माजी राष्ट्रकवी' कानाला कसं लागतं बघा.

—

थोडं अवांतर. लॉरिएटमधलं लॉरेल म्हणजे ज्याच्या पानांचा मुकुट ग्रीक-रोमन लोक विजेत्याला घालायचे ते झाड. त्याला तमालपत्र म्हणू नका प्लीज, आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळचं, झाडच वेगळं.

—

तमालपत्रवाल्यांना धन्यवाद, मी तेच लिहिणार होते 🙈 पण तिने या पदावर काय केलं तेही बघा ना. सात नॅशनल पार्कांमधल्या पिकनिक टेबलांवर निसर्गकविता लावून घेतल्या, म्हणजे डबा खाता खाता लोकांनी वाचाव्यात. आणि गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या नासाच्या युरोपा क्लिपर यानासाठी एक कविता लिहिली, ती तिच्याच हस्ताक्षरात टँटलम धातूच्या पत्र्यावर कोरलीय, ऑक्टोबर २०२४ मध्ये यान सुटलं, गुरूजवळ पोचायला २०३० उजाडेल. एवढं सगळं केलेल्या बाईला 'सल्लागार' म्हटलं की अगदीच सरकारी फाईल वाटते.

—

मग सरळ पोएट लॉरिएटच ठेवा आणि पुढे एका ओळीत हे लायब्ररीचं पद आहे म्हणून सांगून टाका. नोबेल लॉरिएटला आपण 'नोबेल विजेता' म्हणून सुटतो, इथे तीही सोय नाही, कारण इथे जिंकण्यासारखं काही नाहीच, नेमणूक आहे.

—

बरं, तसंच करते. कवी की कवयित्री हाही प्रश्न त्याने आपोआप मिटला.

—

आडनाव 'लिमोन'च लिहा हां, 'लिमन' नको, स्पॅनिशमध्ये जोर शेवटच्या ओ वर आहे. अर्थ लिंबू! अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेला शब्द, आपल्या लिंबाचा लांबचा भाऊ.